खाजनाचा बांध आणि मेंदूचा अडथळा: निरोगी ज्येष्ठांचा एमआरआय-अभ्यास कसा उभा करावा

गोव्यात दिवाडीच्या किंवा चोडणच्या खाजनात, म्हणजे नदीकाठच्या सखल शेतजमिनीत, बांधावर उभं राहिलं की रक्त-मेंदू अडथळा समजावणं मला सोपं जातं. एका बाजूला नदीचं खारं पाणी, दुसऱ्या बाजूला भाताचं शेत, मध्ये मातीचा बांध. त्या बांधात मानस, म्हणजे पाण्याच्या ये-जेची दारं, बसवलेली असते. ओहोटीला तिची दारं उघडतात आणि शेतातलं जादा पाणी बाहेर पडतं. भरती चढू लागली की पाण्याच्याच रेट्याने दारं मिटतात. ये-जा चालूच असते, पण हिशोबाने. त्याच बांधाला कुर्ल्या (खेकडे) भोकं पाडतात, आणि तिथून जे झिरपतं त्याला कसलाच हिशोब नसतो.

मेंदूतल्या केशवाहिन्यांची रचना अशीच आहे. भिंतीतल्या पेशी एकमेकींना घट्ट सांधलेल्या, बाहेरून इतर पेशींचा आधार. ग्लुकोजला आत यायला स्वतःची दारं आहेत. रक्तातली बहुतेक प्रथिनं आणि पुष्कळशी औषधं मात्र बाहेरच अडतात. 1885 मध्ये पॉल एर्लिख यांनी प्राण्यांच्या रक्तात रंग सोडला तेव्हा बाकीचे अवयव रंगले आणि मेंदू कोरा राहिला. ते घट्ट सांधे प्रत्यक्ष दिसायला 1967 उजाडावं लागलं. रीस आणि कार्नोव्हस्की यांनी ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून दाखवले. आणि 2015 मध्ये मॉन्टान्य आणि सहकाऱ्यांनी एमआरआयने दाखवलं की स्मृतिभ्रंश नसलेल्या माणसांतही वयाबरोबर हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे आठवणी घडतात त्या भागात, अडथळा झिरपू लागतो.

म्हणून निरोगी ज्येष्ठांचा अभ्यास महत्त्वाचा. 2011 च्या जनगणनेत साठीच्या पुढची माणसं गोव्यात 11.2 टक्के होती, देशात 8.6 टक्के. आपल्याकडे हा अभ्यास करू पाहणाऱ्या रेडिओलॉजी-न्यूरॉलॉजीच्या विद्यार्थ्यांसाठी, एमआरआय तंत्रज्ञांसाठी आणि समन्वयकांसाठी हे लिहितो आहे. एमआरआयची तोंडओळख तुम्हाला आहे असं धरलं आहे.

सुरुवात: आकडा मनात बसवा

कॉन्ट्रास्ट, म्हणजे शिरेतून चित्र उजळवणारं औषध, देऊन केलेल्या मोजणीत गळतीचा आकडा येतो त्याला केट्रान्स म्हणतात. निरोगी मेंदूत तो दर मिनिटाला 0.0001 ते 0.001 या पट्ट्यात असतो. 0.0005 धरा. 100 ग्रॅम मेंदूतून मिनिटाला साधारण 50 मिली रक्त वाहतं. तेवढ्या वेळात 0.05 मिली प्लाझ्मात मावेल इतकंच द्रव्य भिंतीबाहेर पडतं. मेंदूतल्या गाठीत हाच आकडा शंभरपट किंवा त्याहून मोठा असतो, म्हणून गाठ डोळ्यांना उजळ दिसते. निरोगी आजोबांच्या स्कॅनवर डोळ्यांना काहीही दिसणार नाही.

पुढचं सगळं या एका गोष्टीवरून ठरतं. इतक्या बारीक मोजणीत मान दोन मिलिमीटर हलली, मशीनचा सिग्नल एक टक्का सरकला किंवा आजींना थंडी वाजून त्या शहारल्या, तरी गळतीचा आकडा बदलतो. माणसाला किती आरामात झोपवलं, हा इथे मोजमापाचाच भाग आहे.

पद्धत निवडा: मानस मोजायची की कुर्लीचं भोक?

पहिली पद्धत गॅडोलिनियमच्या कॉन्ट्रास्टची. शिरेतून कॉन्ट्रास्ट द्यायचं आणि ते मेंदूत किती झिरपतं हे 15 ते 20 मिनिटं टी1 चित्रं घेत पाहत राहायचं. गॅडोब्युट्रॉल या कॉन्ट्रास्टचा रेणू साधारण 605 डाल्टनचा, पाण्याचा 18 डाल्टनचा. एवढा मोठा रेणू धडधाकट बांधातून जवळजवळ जातच नाही, त्यामुळे जे बाहेर दिसतं ती गळती. कुर्लीचं भोक मोजायचं ते असं.

दुसऱ्या पद्धतीला सुई लागत नाही. मानेतून वर जाणाऱ्या रक्तातल्या पाण्यालाच चुंबकीय खूण करायची आणि ते केशवाहिनीतून मेंदूच्या ऊतीत किती वेगाने उतरतं ते पाहायचं. हे एएसएल (आर्टेरियल स्पिन लेबलिंग) तंत्र. त्याला डिफ्युजनची जोड दिली की वाहिनीतलं वेगाने धावणारं पाणी आणि ऊतीत पोचलेलं पाणी वेगळं काढता येतं. यातून मिळणाऱ्या दराला केडब्ल्यू म्हणतात. तो मिनिटाला शंभरच्या आसपास असतो. ही झाली मानशीतून होणारी ये-जा.

हे दोन आकडे एकाच गोष्टीचे दोन पुरावे आहेत असं समजू नका. गळती वाढली की केट्रान्स वाढतो. केडब्ल्यू मात्र वयाबरोबर घटताना दिसतो, आणि त्यामागे पाण्याच्या वाहतुकीची यंत्रणा मंदावणं हे कारण असू शकतं. बांधाला भोक पडणं आणि मानशीची दारं गंजून जाम होणं, दोन्ही बिघाडच, पण वेगळे.

माझं मत स्पष्ट आहे: पहिलाच अभ्यास असेल तर सुईविना सुरू करा. ज्याला कसलाही आजार नाही, ज्याला या स्कॅनचा वैयक्तिक फायदा नाही, त्याच्या शिरेत औषध सोडण्याआधी आपला प्रश्न त्या लायकीचा आहे का, हे स्वतःला विचारायला हवं. अडचण एवढीच की ही एएसएलची सुधारित आवृत्ती संशोधनातली आहे, नेहमीच्या मशीनवर ती आपोआप नसते; ती विकसित करणाऱ्या गटाशी आणि मशीनच्या कंपनीशी करार करून मिळवावी लागते. त्यात काही महिने जातात असं धरूनच वेळापत्रक आखा. मशीन 3 टेस्लाचंच हवं, 1.5 वर सिग्नल अपुरा पडतो.

गॅडोलिनियम घ्यायचंच ठरलं तर रेणूची रचना वलयाकार असलेलंच घ्या, गॅडोब्युट्रॉल किंवा गॅडोटेरेट. सरळ साखळीच्या रेणूंतून गॅडोलिनियम सुटून मेंदूत साठतं हे 2014 पासून समोर आलं आणि 2017 मध्ये युरोपच्या औषध नियामकाने त्यांतल्या अनेकांचा वापर थांबवला. त्या साठ्याने मेंदूला इजा होते असं सिद्ध झालेलं नाही, तरी निरोगी माणसाच्या बाबतीत शंकेचा फायदा त्या माणसालाच द्यावा.

‘निरोगी’ कुणाला म्हणायचं

गोव्यात हा प्रश्न सोपा नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) इंडिएब या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मधुमेहाचं प्रमाण देशात सर्वांत जास्त गोव्यात निघालं, 26.4 टक्के. रक्तदाबाच्या गोळ्या घेणारी माणसं तर घरटी एक सापडतील. मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही बारीक रक्तवाहिन्यांना त्रास देतात, म्हणजे आपण जे मोजणार तेच बिघडवतात. सगळ्यांना वगळलं तर उरलेली माणसं गोव्याची प्रातिनिधिक राहत नाहीत. सगळ्यांना घेतलं तर निरोगी हा शब्द पोकळ होतो.

मी मधला मार्ग घेतो. अर्धांगवायू, डोक्याला मोठा मार, फिट्स, कॅन्सर, स्मृतिभ्रंश हे वगळायचं. एका गोळीवर आटोक्यात असलेला रक्तदाब चालेल, पण त्याची नोंद हवी आणि विश्लेषणात हिशोब हवा. मधुमेह असलेल्यांचा वेगळा गट करायचा, त्यांना निरोगींत मिसळायचं नाही. प्रत्येकाचं एचबीए1सी (तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेची चाचणी), क्रिएटिनिन, हिमोग्राम आणि दोन वेगवेगळ्या दिवशी बसून घेतलेला रक्तदाब. क्रिएटिनिनवरून ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते तो आकडा, काढा. 30 च्या खाली गॅडोलिनियमचा विचारही नको, आणि निरोगी गटासाठी मी 60 चीच अट ठेवतो. हिमोग्राममधलं हिमॅटोक्रिट (रक्तातला तांबड्या पेशींचा वाटा) जपून ठेवा, पुढे गणितात लागतं.

स्मरणशक्तीची चाचणी हा सगळ्यांत नाजूक भाग. आपल्याकडे पंच्याहत्तरीचा माणूस घरात कोंकणी बोलतो, शाळा मराठी शिकला असतो किंवा सुरुवातीला पोर्तुगीज, पेपर मराठी वाचतो आणि आकडे मनातल्या मनात भलत्याच भाषेत मोजतो. अशा माणसाला छापील मराठी चाचणी दिली आणि पाच शब्द लक्षात ठेवायला सांगितले, तर आपण स्मरण मोजतो की भाषा? मी आधी विचारतो, “हिशोब कुठल्या भाषेत करता?” आणि त्या उत्तरावरून परीक्षक ठरवतो. मोका या स्मरण-आकलनाच्या चाचणीत 12 वर्षं किंवा त्याहून कमी शिक्षण असलेल्यांना एक गुण वाढवून देतात. चौथी शिकलेल्या पेडण्याच्या शेतकऱ्याला तो एक गुण पुरत नाही. त्यामुळे 26 गुणांची नेहमीची सीमा डोळे मिटून लावू नका. घरच्यांना विचारा: बाजाराचा हिशोब स्वतः करतात का, औषधं स्वतः घेतात का, चवथीची माटोळी (गणपतीवर टांगायची फळापानांची चौकट) बांधायला काय काय लागतं ते अजून त्यांनाच विचारतात का? आणि चाचणीआधी चष्मा आणि कानाचं यंत्र लावलंय ना ते पाहा. ऐकू न आलेला शब्द विसरला म्हणून नोंदला गेल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत.

परवानगी आणि संमती

आयसीएमआरची 2017 ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं वाचून प्रस्ताव नोंदणीकृत नैतिक समितीकडे द्या आणि सीटीआरआय या देशाच्या क्लिनिकल चाचण्यांच्या नोंदणीवर अभ्यासाची नोंद करा. संमतीपत्र मराठी, देवनागरी कोंकणी, रोमी कोंकणी आणि इंग्रजी असं चारही रूपांत तयार ठेवा. ते घरी न्यायला द्या. सही त्याच दिवशी घेऊ नका.

अचानक काही सापडलं तर काय, हे आधीच लिहून ठरवा. रॉटरडॅममध्ये 2,000 माणसांचे मेंदू तपासले तेव्हा 7.2 टक्के लोकांत मूक इन्फार्क्ट (रक्त न पोचून, पण लक्षणांविना, मेलेला भाग), 1.8 टक्के लोकांत धमनीचा फुगा आणि 1.6 टक्के लोकांत साध्या गाठी निघाल्या, असं 2007 मध्ये प्रसिद्ध झालं. तुमच्या 50 माणसांतही काही ना काही निघणारच. स्कॅन कोण वाचणार, किती दिवसांत, माणसाला कोण सांगणार, पुढे कुणाकडे पाठवणार, या चार ओळी कागदावर नसतील तर पहिला माणूस बोलावू नका.

फोनवर विचारायच्या गोष्टी

पेसमेकर, मेंदूतली क्लिप, कानातलं इम्प्लांट, डोळ्यात कधी गेलेला लोखंडाचा कण. शेवटचा प्रश्न इथे अगत्याने विचारा: बार्जच्या वर्कशॉपमध्ये, खाणीवरच्या गॅरेजमध्ये, वेल्डिंगवर आयुष्य काढलेली माणसं आपल्याकडे पुष्कळ आहेत आणि चाळीस वर्षांपूर्वी डोळ्यात गेलेला कण ती विसरून गेलेली असतात. शंका आली तर डोळ्याचा एक्स-रे आधी.

मंगळसूत्राचं बोलणं फोनवरच करून घ्या. ऐन दारात विचारलं तर काही बायकांना ते अशुभ वाटतं आणि त्या गप्प बसतात. आदल्या दिवशी कळलं की घरात बोलणं होतं, सून किंवा मुलगी सोबत येते आणि ते तिच्या हातात राहतं. स्कॅनच्या सकाळी चहा-कॉफी नको हेही तेव्हाच सांगा. कॅफीनने मेंदूचा रक्तप्रवाह घटतो आणि एएसएलचे आकडे हलतात. पाणी हवं तेवढं प्यावं. सगळ्यांना दिवसाच्या एकाच वेळेला बोलवा. वाळपईहून पहिली कदंब बस पकडून येणाऱ्याला नऊची वेळ देऊ नका, दहाची द्या आणि सगळ्यांनाच दहाची द्या.

स्कॅनची सकाळ

एका मावशींनी सगळं काढलं म्हणून सांगितलं. हातातल्या बांगड्या, कुड्या, चमकी, सगळं रुमालात बांधलेलं. गाऊन घालताना मदतनीस मुलीच्या बोटाला काहीतरी टोचलं: ब्लाऊजच्या आतल्या शिवणीला एक छोटी सेफ्टीपिन, निऱ्यांना दुसरी, आणि अंबाड्यात तीन आकडे. 3 टेस्लाचं चुंबक पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या साठ हजार पटींच्या घरात ओढतं आणि ते रात्रंदिवस चालू असतं. तेव्हापासून आमचा नियम: घरचा एकही कपडा आत नाही. ताईत, कवळी, औषधाची चिकटपट्टी, कमरेचा करगोटा, सगळं एकेक करून विचारायचं.

लघवीला जाऊन आल्याशिवाय टेबलावर घ्यायचं नाही. गुडघ्याखाली लोड द्या. डोकं हलण्याचं मुख्य कारण भीती असेल असं नवख्यांना वाटतं. माझ्या अनुभवात ते कंबरदुखी असतं. कंबर अवघडली की माणूस नकळत टाच रेटतो आणि डोकं कॉइलमध्ये वर सरकतं. डोक्याच्या दोन्ही बाजूंना स्पंज, कानात बोळे आणि वर हेडफोन, पांघरूण दोन. घंटीचा फुगा हातात देऊन एकदा दाबायला लावा आणि लगेच आत जा, म्हणजे दाबल्यावर माणूस येतो हे पटतं. गिळायचं असेल तर दोन सीक्वेन्सच्या मधे गिळा म्हणावं. मी इंटरकॉमवरून प्रत्येक सीक्वेन्सआधी कोंकणीत सांगतो, “आतां पांच मिनटां, हालूं नाकात,” आणि संपलं की, “बरें जालें.” आवाज ओळखीचा असला की माणूस स्वस्थ पडतो.

क्रम असा ठेवा. ओळखचित्र, मग हिप्पोकॅम्पस आखायला 1 मिमीचं त्रिमितीय टी1, पांढऱ्या द्रव्यातले डाग पाहायला फ्लेअर, बारीक रक्तस्रावांसाठी एसडब्ल्यूआय. त्यानंतर एएसएल आणि पाण्याच्या देवाणघेवाणीचं स्कॅन. सत्तरीच्या पुढे रक्त मेंदूत पोचायला जास्त वेळ घेतं, त्यामुळे साध्या एएसएलमध्ये खूण केल्यावरचा थांबा 1,800 ऐवजी 2,000 मिलिसेकंद ठेवावा. हे सगळं कॉन्ट्रास्टच्या आधीच. गॅडोलिनियम रक्तात गेलं की रक्ताचा टी1 आखूड होतो आणि पाण्यावरची खूण वाटेतच पुसली जाते.

कॉन्ट्रास्ट असेल तर त्यापुढे टी1 नकाशा वेगवेगळ्या फ्लिप कोनांनी आणि सोबत बी1 नकाशा, म्हणजे मशीनच्या रेडिओलहरींची ताकद जागोजागी किती ते दाखवणारा. बी1 गाळला की 3 टेस्लावर टी1 चुकतो आणि चूक थेट शेवटच्या आकड्यात उतरते. मग डायनॅमिक स्कॅन सुरू करून इंजेक्शनआधी पाचेक चित्रं घ्यायची, कॉन्ट्रास्ट, मागोमाग सलाईन, आणि किमान 15 मिनिटं मोजणी. मी 20 घेतो. मात्रा किलोला 0.1 मिलिमोल. इथे एक जीवघेणा साधा घोळ आहे: गॅडोब्युट्रॉल 1 मिलीत 1 मिलिमोल असतं, गॅडोटेरेट अर्धा. 60 किलोच्या माणसाला पहिलं 6 मिली, दुसरं 12 मिली. अभ्यास संपेपर्यंत औषध बदलू नका, आणि सिरिंज भरताना दोघांनी मोठ्याने वाचून पाहा.

मशीन खोटं बोलतं का ते तपासा

हे मी चुकून शिकलो. आमच्या पहिल्या काही स्कॅनमध्ये संपूर्ण मेंदूभर छान एकसारखी गळती दिसत होती. आम्ही हरखलो. मग कुणीतरी डोक्याशेजारी पाण्याची एक छोटी बाटली ठेवली. बाटलीतूनही तेवढीच गळती! बाटलीला कुठला रक्त-मेंदू अडथळा? 20 मिनिटांत मशीनचे ग्रेडियंट (चित्र घडवणारी तारेची वेटोळी) तापत होते, सिग्नल हळूहळू वर सरकत होता आणि आमचं गणित त्याला झिरपलेलं कॉन्ट्रास्ट समजत होतं. चार महिन्यांचं काम फुकट गेलं, आणि त्याहून वाईट म्हणजे त्या माणसांच्या शिरेत औषध गेलं ते परत येत नाही.

म्हणून एकाही माणसाला कॉन्ट्रास्ट देण्याआधी जेलचा फॅन्टम (माणसाऐवजी ठेवायचा नमुना) ठेवून पूर्ण 20 मिनिटांचं डायनॅमिक स्कॅन करा, सकाळी आणि दुपारी दोन्ही वेळा. मग दोन-तीन स्वयंसेवकांवर कॉन्ट्रास्ट न देता तेच स्कॅन करा आणि त्यावर गळतीचं पूर्ण गणित चालवा. जो आकडा येईल तो तुमच्या मशीनचा खोटेपणा. त्याहून लहान फरक तुम्हाला दिसूच शकत नाही. पावसाळ्यात खोलीतली दमट हवा आणि चिलरचं तापमान रोज वहीत टिपा.

गणित

आधी हालचाल दुरुस्त करा, मग टी1 नकाशाच्या आधारे सिग्नलचं कॉन्ट्रास्टच्या प्रमाणात रूपांतर. रक्तातलं प्रमाण मोजायला धमनीऐवजी डोक्याच्या वरच्या बाजूची मोठी शीर, सुपीरियर सॅजिटल सायनस, घ्या. धमनी बारीक असते आणि वेगवान प्रवाहाने तिथला सिग्नल फसवतो. त्या प्रमाणाला एक वजा हिमॅटोक्रिटने भागा, कारण गॅडोलिनियम रक्तपेशींत शिरत नाही, फक्त प्लाझ्मात राहतं. इतक्या कमी गळतीसाठी पॅटलॅक पद्धत योग्य: सरळ रेषेचा उतार म्हणजे केट्रान्स. इंजेक्शननंतरची पहिली काही मिनिटं रेषेतून वगळा.

हिप्पोकॅम्पसजवळ सावध. शेजारीच कोरॉइड प्लेक्सस, म्हणजे मेंदूतलं पाणी तयार करणारं वाहिन्यांचं जाळं, आहे आणि तिथल्या वाहिन्यांना अडथळा मुळातच नसतो, त्या सच्छिद्र असतात. तुमच्या आखणीत त्याचा एक कोपरा जरी आला तरी गळती फुगते. आखलेली कड एक व्हॉक्सेल (चित्राचा सर्वांत लहान ठोकळा) आत घ्या आणि प्रत्येक माणसाची आखणी डोळ्यांनी तपासा, वय आणि गट झाकून.

मुख्य अभ्यासाआधी आठ-दहा जणांना दोन आठवड्यांनी परत बोलावून तीच मोजणी पुन्हा करा, शक्यतो सुईविना पद्धतीची. दोन्ही वेळचे आकडे किती जुळतात यावरून किती माणसं लागतील ते काढता येतं. दुसऱ्या देशातल्या मशीनच्या आकड्यांवरून काढू नका.

घरी पाठवताना

कॅन्युला काढल्यावर अर्धा तास बसवून ठेवा, रक्तदाब पाहा, चहा आणि पाव द्या. सकाळपासून माणूस चहाविना आहे. दुसऱ्या दिवशी फोन करून अंगावर पुरळ, हात सुजणं, चक्कर यांची चौकशी करा.

मग तो प्रश्न येतोच. संमतीच्या वेळी खाजनाचं उदाहरण ऐकलेले एक आजोबा पट्टा सोडता सोडताच विचारतात, “मग, म्हजो बांद बरो आसा मूं?” (माझा बांध ठीक आहे ना?) खरं उत्तर हे की एकट्या माणसाच्या केट्रान्स किंवा केडब्ल्यूवरून चांगलं-वाईट ठरवायची सीमारेषा आज जगात कुणाकडेच नाही, हे आकडे गटागटांची तुलना करायला आहेत. तेवढंच सांगावं, धीर द्यायला म्हणून जास्त काही बोलू नये. पण रिकाम्या हाताने पाठवू नये. रक्तदाबाचे दोन दिवसांचे आकडे, साखर, किडनीचा अहवाल आणि रेडिओलॉजिस्टने वाचलेल्या साध्या एमआरआयचा निकाल एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्या. शेवटी त्यांच्या गावातल्या आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांसाठी दोन ओळी लिहा, आणि तो कागद त्यांच्यासमोर एकदा त्यांच्या भाषेत वाचून दाखवा.